धडधडीवर लागणारे दिवे

बसा मंडळी, एका बाईची नवलाची गोष्ट सांगतो.

शेवंताक्का दूध डेअरीत दुसऱ्या पाळीला होती. मध्यरात्री सुटली की गाडीतळावर जायची, ती अंधारातच. कारण तिथले अन् चौकीपर्यंतच्या रस्त्यावरचे नवे दिवे माणसाच्या काळजाची धडधड ऐकून लागायचे, आणि हिचं काळीज कधी धडधडायचंच नाही.

गेटवरचा दगडूमामा रोज चिडवायचा, "अक्का, जरा भीत जा की! एवढे दिवे लावले ते फुकट गेले बघ."

"भ्यायला सवड कुठंय मामा? घरी भाकऱ्या थापायच्यात."

एका रात्री ती निम्म्यात पोचली अन् थबकली. तिच्या गाडीपाशी दिवा लागलेला, आणि माणूस तर कुणी दिसंना. मग गाडीमागं दडून घाबरलंय कोण? लई वाटलं, जाऊन बघावं. पण पाय तिनं मागं घेतला. गेटवर येऊन म्हणाली, "मामा, शिट्टी फुंका. माझ्या गाडीमागं कोण तरी हाय."

मामाच्या डोक्यावरचा दिवा लखकन लागला!

शिट्टी वाजली तसा एक गडी हातातला गज टाकून पळाला. जिथं पळेल तिथं दिवा. पार चौकीपर्यंत दिव्यांची रांग लागली, अन् पोलिसांनी त्याला अलगद धरलं.

शेवंताक्का गाडीत बसली, दारं लावली, तेव्हा कुठं तिचं काळीज धडधडलं. तिच्यासाठी पहिल्यांदाच दिवा लागला.

तेवढं एक ऐका माझं. रात्री गाडीपाशी काही वेगळं दिसलं तर पुढं होऊन बघू नका. मागं फिरा अन् कुणाला तरी हाक मारा.