पट्टीच्या अलीकडे

दार उघडून भट्टीवाला आत आला आणि सवयीने पट्टीच्या अलीकडेच थांबला. लाल चिकटपट्टी होती ती, दारापासून थोड्या अंतरावर फरशीवर आडवी लावलेली. अलीकडे चपला, झाकणाची बादली आणि न्हाणीघराचं दार. पलीकडे उरलेलं घर. आणि पलीकडेच, पट्टीला पायाची बोटं लावून, त्याची पाच वर्षांची मुलगी उभी होती.

कडीचा आवाज आला की ती अशीच येऊन उभी राहायची. बाप शेंगदाणे भाजण्याच्या कारखान्यात भट्टीवर, आणि लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी. तीही साधीसुधी नव्हे, ओठ सुजून श्वास अडकण्याची. दाणा तिने जन्मात खाल्ला नव्हता. तान्ही असताना बापाने कामावरून येऊन तसाच गालाचा पापा घेतला होता, तेवढ्यावर तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हापासून कारखान्याची धूळ पट्टीच्या अलीकडे राहायची. कपडे बादलीत, बाप न्हाणीघरात, डोक्यावरून अंघोळ, आणि मग दोन्ही हात पुढे करून तपासणी. तपासणी लेकीकडे होती. ती हात पाठीमागे बांधून वाकायची आणि एकेक नख बघायची. नखात दाण्याचा तांबडा पापुद्रा दिसला, की बापाची परत न्हाणीघरात रवानगी. या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नसे. घरात तिला सगळे ‘साहेब’ म्हणायचे, ते काही उगीच नाही.

आज तो दुपारीच आला होता. सकाळी कारखान्याच्या फाटकाला कुलूप होतं. मालकाने जागा विकली होती आणि घेणाऱ्याला जागाच हवी होती, भट्टी नको होती. एवढं सांगायला रखवालदाराला उभं केलं होतं. बाकीच्यांनी त्या बिचाऱ्यावरच तोंडसुख घेतलं. भट्टीवाला बाजूला उभा होता. राग येईल, निदान रडू तरी येईल, म्हणून त्याने वाट पाहिली, पण काहीच आलं नाही. बधिर केलेल्या दाढेवरून जीभ फिरवावी, तसा तो त्या बातमीवरून पुन्हा पुन्हा फिरून येत होता. मग एका बागेत बाकावर बसल्यावर एवढंच त्याच्या ध्यानात आलं, की आज आपण फाटकाच्या आत पाऊलही टाकलेलं नाही. अंगावर धुतलेले कपडे आहेत. आज पोरीला दारातच उचलून घेता येईल. तेवढ्यासाठी तो उठला आणि घरी आला.

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात पसरले.

“या साहेब.”

मुलगी हलली नाही. “आधी अंघोळ.”

“आज नको. आज मी स्वच्छ आहे.”

“तूच सांगितलंस ना बाबा, दिसत नाही तरी असतं.”

सांगितलं होतं खरं. एकदा नव्हे, डोक्यात पक्कं बसेपर्यंत सांगितलं होतं. तरी त्याने एक हात पट्टीपलीकडे नेला. मुलगी झटकन मागे सरकली. तिच्या कमरेला औषधाच्या सुईची छोटी पिशवी बांधलेली असायची, तिच्यावर तिने हात ठेवला. त्याने आपला हात मागे घेतला.

बोलणं ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या शर्टाकडे पाहिलं. हा काळा शर्ट रोज मातकट होऊन यायचा. आज सकाळी गेला तसाच काळा परत आला होता.

“शेवटी बंद झाला कारखाना?” तिने हळूच विचारलं.

“झाला.”

ते काम सोडा म्हणून ती किती दिवस त्याच्या मागे लागली होती, आणि तो ‘बघतो, बघतो’ म्हणून दिवस ढकलत होता. आता सुटलो म्हणावं की बुडालो म्हणावं, हे दोघांनाही कळत नव्हतं.

“वाईट वाटतंय का?”

“अजून तरी नाही.”

“मलाही नाही,” ती म्हणाली. तिने पदराला हात पुसले. “अंघोळ करून घ्या.”

“अगं, कपडे स्वच्छ आहेत.”

“मग तिला काय सांगू?”

त्याने धुतलेला शर्ट काढून बादलीत टाकला, वर झाकण लावलं आणि तो न्हाणीघरात गेला. डोक्यावरून पाणी घेतलं. ब्रशने नखं घासली, रोजच्यासारखीच, नीट. पाणी गरम होतं की गार, ते त्याला कळलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा साहेब हात पाठीमागे बांधून पट्टीशी हजर होत्या. त्याने दोन्ही हात पुढे केले. ती वाकली. एकेक बोट करत अंगठ्यापर्यंत आली, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. रोज कुठे ना कुठे एखादा तांबडा ठिपका सापडायचाच, मग ती त्याला ऐटीत परत पाठवायची. आज तिच्या कपाळाला आठी पडली.

“काहीच नाही,” ती म्हणाली.

“नाही ना?”

त्याचा चेहरा पाहून तिला त्याची दया आली असावी. तिने पट्टी ओलांडली आणि त्याची ओली बोटं आपल्या मुठीत धरली.

“असू दे बाबा,” तिने त्याची समजूत घातली. “उद्या असेल.”