सातव्या वाफ्यातला गहू

"दाण्याचं वजन रक्तातच असावं लागतं!" गव्हाची ओंबी पाहुण्यांपुढे नाचवत डॉक्टर घैसास म्हणाले. बारा वर्षं संकर करून त्यांनी काढलेला वाण संशोधन केंद्राच्या वार्षिक चाचणीत सलग तिसऱ्यांदा पहिला आला होता. कुठला वाण कुठल्या वाफ्यात, हे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरायचं. आपला मात्र ते शुभ म्हणून सातव्यातच पेरायला लावत.

खुरपणाऱ्या ठकूबाईंना हसू आवरेना. "रगत कशाचं, सायेब? तिथला पाण्याचा पाइप तीन वर्सं गळतोय. बांधावरचं गवत बघा की, कमरेला लागतंय!"

घैसासांनी बघितलं. त्या गवताचा संकर काही त्यांनी केला नव्हता.

"वाणाला नाव काय दिलंय?" पाहुण्यांनी विचारलं.

"कालपर्यंत माझंच होतं," ओंबी खिशात घालत घैसास म्हणाले. "आता तीन वर्षं न फिरकलेल्या प्लंबरचं देतो."