गैरहजर

रोझरी अर्ध्यावर आली तरी ओट्यावरचं भांडण थांबेना, तशी फिलोमीनाने जपमाळ घरातल्या वेदीवर आपटली.

"तुझ्या खासदाराने गर्भपाताच्या विधेयकाला मत दिलं! आणि नाताळला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो!" तिचा नवरा धाकट्या भावावर ओरडत होता.

"पक्षाचा आदेश होता, दादा. तुझा पठ्ठ्या तर मतदानाच्या वेळी सभागृहातून उठून गेला!"

"देवाला घाबरतो म्हणून गेला!"

तासभर हेच दळण. आत सून भिंतीकडे तोंड करून बसली होती. मुलगा दूर जहाजावर. बाळाची कवटीच तयार झालेली नाही, ते जगणार नाही, गर्भ काढून टाकू, असं डॉक्टरांनी कालच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तेव्हा या दोघांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आज मात्र खासदार सापडले!

ती तरातरा ओट्यावर आली. "उद्या सकाळी हिला दवाखान्यात न्यायचंय. गाडी कोण काढतंय?"

दीर चपला शोधू लागला. "सकाळी मला वाडीला पाणी लावायचंय," असं पुटपुटत नवराही अंगणात उतरला.

फिलोमीना आत वळली.

"बघ बाय, आपले दोन्ही खासदार उठून गेले. रिक्षा मी सांगते."