बोटीचं सासर

कुपवाडच्या फौंड्रीमागं, भंगाराच्या ढिगापाशी, ऋषिराजनं पत्र्यावरचा राखाडी रंग ब्रशनं आणखी थोडा खरवडला आणि त्याचा हात थांबला.

पत्रा एका बोटीच्या स्वयंपाकघरातला होता. आधी ती मालवाहू ‘जलकन्या’. साखर, सिमेंट, खत वाहायची. ऋषिराजचे आजोबा नाथाजी तिच्यावर आचारी होते. पुढं नौदलानं ती घेतली, डेकवर तोफा बसवल्या, राखाडी रंग दिला आणि नाव ठेवलं ‘वज्रधार’. जुनी माणसं उतरवली. नाथाजी इस्लामपूरजवळच्या गावी परतले ते कायमचे.

“बोट नांदाय गेली. सासरी नाव बदलायचंच की,” म्हणून ते हसायचे. 

आता बोट मोडीत निघाली होती आणि तिचं लोखंड फिरत फिरत ऋषिराजच्याच भट्टीशी आलं होतं. भंगाराच्या कागदावर बोटीचं नाव वाचून त्यानं घरी सांगितलं मात्र, बनुबाई आजी हट्टाला पेटली. नाथाजींना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

“चुलीवरच्या पत्र्याला माझं नाव कोरलंय म्हनायचे. खरं का खोटं, तेवढं बघू दे. मग मी डोळं मिटाय मोकळी.”

दोन दिवस ढीग उपसून त्यानं तो पत्रा शोधला होता. राखाडीखाली हिरवा रंग आणि त्यात खोल कोरलेलं नाव: गोजरा.

ऋषिराजनं नाव पुन्हा वाचलं. देवमाणूस म्हणावा असा म्हातारा, आणि बंदरात कुठंतरी दुसरी बाई! त्याच्यासाठी झुरणारी आजी मात्र तिकडं फौंड्रीच्या दारात खुर्चीत वाट बघत बसलेली.

“घावलं का रं?” बनुबाई उठून आलीच. तिला अक्षरओळख नव्हती. कोरीव रेघांवरून तिनं सावकाश बोट फिरवलं. “काय लिवलंय?”

“बनुबाई,” तो म्हणाला. “चांगलं ठळक हाय, आज्जे.”

बोट थांबलं. “नीट बघ.”

“नीटच बघितलं. बनुबाई.”

“बरं.” तिनं पदरानं डोळे पुसले.

“घरी न्यायचा का पत्रा?” त्यानं भीत भीत विचारलं. घरात वाचता येणारे कमी नव्हते.

“कशाला? टाक भट्टीत.”

त्याला सुटल्यासारखं झालं. त्यानं क्रेनवाल्याला खूण केली आणि पत्रा आत जाईपर्यंत तो उभा राहिला.

दोघं गाडीवरून इस्लामपूरपर्यंत आली. स्टँडजवळ चहाला थांबल्यावर त्यानं लाडानं विचारलं, “झालं न्हवं मनासारखं?”

बनुबाईनं कपबशी तशीच खाली ठेवली.

“लग्नात माझं नाव बदललं रं. माहेरच्या नावानं हाक मारनारं ते एकलंच मानूस व्हतं. म्हनायचे, ‘बनुबाई सगळ्या गावाची. बोटीवर मी माझी गोजरा कोरलीया.’ शेवटपतूर खोटंच बोलले.”