म्हातारी उठते कशी

बाई दारातून आत शिरल्या आणि खुर्ची पुढे आली. पाणी आलं. पाठोपाठ कॉफी आली. शिकाऊ लोकांचे इथे फारच लाड होतात, असं त्यांना वाटलं.

बाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. अठ्ठावीस वर्षं नर्सची नोकरी केली, मुलीचं लग्न केलं आणि त्याच वर्षी चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं. आता शेवटचं वर्ष होतं. पदवीसाठी दोन महिन्यांची इंटर्नशिप हवी होती. वय ऐकून तीन स्टुडिओंनी गोड बोलून वाटेला लावलं होतं. हा चौथा. इथे हाताने चित्रं काढून कार्टूनपट करत, आणि इथे कुणी वय विचारलंच नव्हतं.

दिग्दर्शक जेमतेम तिशीचा होता. तुमचीच वाट बघत होतो म्हणाला आणि त्याने बाईंना थेट पडद्यासमोर बसवलं. कॉलेजचं पत्र काढायला बाईंनी पर्समध्ये हात घातला, तोवर दिवे बंद झाले होते.

पडद्यावर एक म्हातारी बाकावरून उठली आणि चालू लागली. कशी वाटली, दिग्दर्शकाने विचारलं. बाईंना खोटं बोलायची सवय नव्हती.

"ही म्हातारी कुठली? ही तर पांढरे केस लावलेली पोरगी आहे."

कुणीतरी विचारलं, मग म्हातारी उठते तरी कशी? बाईंनी उठून दाखवलं. आधी पुढे सरकायचं. हात गुडघ्यांवर. एक झोका घ्यायचा, पुन्हा बसायचं, कुणी पाहिलं तर नाही ना ते बघायचं, मग दुसरा झोका. उठल्यावरही लगेच चालायचं नाही. आधी कमरेला विचारायचं, येतेस का.

पोरं हसून हसून वाकली. बाईंना सातदा उठायला लावलं. मग चित्रकार स्वतःच कण्हत कण्हत खुर्च्यांवरून उठू लागले. दिग्दर्शक तर दुसऱ्या झोक्यालाही उठेना, त्याला दोघांनी ओढून काढलं. दुपारपर्यंत म्हातारी नव्याने काढून झाली. पडद्यावर ती कशीबशी उभी राहिली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बाईंना वाटलं, आता आपले पाय जमिनीला लागत नाहीत.

तेवढ्यात दिग्दर्शकाने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. फिल्म दाखवणाऱ्या टीव्ही चॅनेलचा मंजुरीचा कागद. खाली सही तेवढी हवी होती.

खरं सांगितलं की हेही दार बंद होणार. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, मी चॅनेलची नाही. मी तुमची इंटर्न आहे."

दिग्दर्शकाने स्टुडिओच्या व्यवस्थापिकेकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. इंटर्न तर सकाळीच आली होती. पाठीला सॅक लावलेली, चोवीस-पंचविशीची मुलगी. तिला काही न विचारता व्यवस्थापिकेने मागच्या खोलीत बसवलं होतं आणि जंगलाच्या देखाव्यासाठी दोनशे कागदी पानं रंगवायला दिली होती.

सगळे तिकडे धावले. चॅनेलची अधिकारी बाह्या वर सारून, कोपरापर्यंत हिरवी होऊन बसली होती. कुणाच्या जागी कोण बसलं, ते सांगत दिग्दर्शक माफी मागत राहिला. ती मान वर न करता ऐकत होती. शाळा सुटल्यापासून आपण ब्रश धरला नव्हता, असं ती म्हणाली. पहिलं पान हातात दिलं तेव्हाच ओळख सांगायला हवी होती, पण सांगवेना. फिल्म बघूच, जरा दम धरा, असं तिने दिग्दर्शकाला बजावलं.

मग तिला दारात उभ्या असलेल्या बाई दिसल्या. तिने शेजारचं स्टूल ओढलं आणि एक ब्रश पुढे केला.

"इंटर्न तुम्ही ना? बसा. अकरा पानं राहिलीत. पाच तुम्ही घ्या, सहा मी सोडणार नाही."