सरहद्दीवरचा बारशिंगा

बारशिंग्यानं तिसरं कुत्रं शिंगावर उचललं आणि ओढ्यापलीकडच्या दगडावर आपटलं. एदविजची घोडी दचकली. एदविजनं मात्र नजर हलवली नाही, कारण त्या दगडाशेजारी चिखलात ब्रिके पडला होता. शिकारी कुत्री सांभाळणारा म्हातारा ब्रिके. त्याची मांडी पोत्यासारखी उसवली होती.

ओढ्याच्या अलीकडे बेल्जियम, पलीकडे फ्रान्स. जनावराला ते ठाऊक नव्हतं. एदविजच्या नवऱ्याला, राजपुत्र तिबोला, पक्कं ठाऊक होतं. त्यानं किंवा त्याच्या थोरल्या मुलानं पलीकडे पाय ठेवला की दोन वर्षं तुरुंग, असा कायदा त्याच्या मायदेशानं, फ्रान्सनं, राजघराणं उलथवल्यावर खास त्यांच्यासाठी केला होता. पलीकडच्या काठावर एक फ्रेंच शिपाई घोड्यावर बसून होता, मांडीवर बंदूक आडवी.

"अरे, झाड की गोळी!" त्यांचा थोरला मुलगा गाएतान ओरडला. त्याला नुकतं कुठं मिसरूड फुटलं होतं. "माणूस मरतोय तिथं!"

"मला हुकूम राजपुत्रांना पकडायचा आहे, धाकटे महाराज," शिपाई म्हणाला. "हरणांबद्दल काही लिहिलेलं नाही."

गाएताननं कमरेची कट्यार उपसली. त्याला घोड्यावर बसायला ब्रिकेनंच शिकवलं होतं.

आता बाप लेकाला आवरेल म्हणून एदविजनं नवऱ्याकडे पाहिलं. तिबो खोगिरावरून मुलाकडे झुकला होता.

"जा," तो हळूच म्हणाला. "चाकराला वाचवायला गेलेल्या राजपुत्राला बेड्या! पॅरिसमधलं एकही वर्तमानपत्र गप्प बसणार नाही. दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातील."

"कुणाची?" एदविजनं विचारलं.

"तुम्ही मध्ये पडू नका."

दोन काठांवरच्या दोन पुरुषांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिच्या पोटची होती.

ती घोडीवरून उतरली. लहानपणी त्याच्या हातातून सुरी काढून घ्यायची तशी तिनं गाएतानच्या हातातून कट्यार काढून घेतली आणि ओढ्यात शिरली. कायद्यात बायकांचं नाव नव्हतं. बायकांना कुणी हद्दपार करत नाही, त्या आपसूक मागून येतात.

पाणी कमरेला लागलं. जड घागरा पायांत गुंडाळत होता. उरलेली कुत्री बारशिंग्याच्या मानेला लोंबकळत होती आणि तो त्यांना झाडत होता, रक्ताचे शिंतोडे तिच्या तोंडावर येत होते. ती मागच्या बाजूनं काठावर चढली. जनावर गर्रकन वळलं. शिंगाचं टोक तिच्या दंडात शिरून बाहेर आलं. तिनं ओरडण्यात वेळ घालवला नाही. खांद्यामागे, जिथं मऊ असतं तिथं, कट्यार मुठीपर्यंत खुपसली. उपसली. पुन्हा खुपसली. तो तिच्यावरच कोसळला असता. पण आधी गुडघ्यांवर बसला आणि मग बाजूला आडवा झाला. तिनं कट्यार उपसून कमरेला खोचली.

"बाईसाहेब..." ब्रिके कण्हला. "पाय आहे का माझा?"

"आहे. हलवू नको." तिनं गळ्याचं रेशमी फडकं सोडून त्याची मांडी करकचून आवळली. त्यानं तिला दोन अस्सल शिव्या दिल्या. तिला बरं वाटलं. शिव्या देणारा माणूस इतक्यात मरत नाही.

बेल्जियमच्या काठावरून तिबोचा आवाज आला. आता तो हळू बोलत नव्हता.

"बघ, आईचा हात बघ तुझ्या! काय रक्त वाहतंय! आता तरी जाशील की नाही?"

गाएताननं एक पाय पाण्यात टाकला. मग दुसरा. शिपायानं घोड्याचा लगाम आवळून घेतला.

एदविज उठली आणि पाण्यात धावत सुटली. पडली, उठली, पुन्हा धावली. त्यानं हद्द ओलांडायच्या आत, बेल्जियमच्या काठालगतच, तिनं लेकाला गाठलं आणि त्याच्या तोंडात अशी भडकावली, की तो मागच्या मागे बेल्जियमच्या काठावर जाऊन पडला. गालावर पाच लाल बोटं उमटली.

"आई, ब्रिके..."

"उठू नको. हललास तर पुन्हा मारीन."

मग ती निथळत नवऱ्याच्या घोड्यापाशी गेली. तिनं कट्यार घागऱ्याला पुसली, उलटी धरली आणि मूठ त्याच्यापुढे केली.

"ब्रिके अजून तिकडेच आहे," ती म्हणाली. "बंदी तुमच्यावरही आहेच की. तुम्ही जा."

शिपाई मान उंचावून पाहत होता. गाएतान पडल्या जागेवरून पाहत होता. कुत्री बारशिंग्याचं पोट फाडत होती, तेवढाच काय तो आवाज.

तिबोच्या घोड्यानं दोन पावलं मागं टाकली. लगाम कुणी ओढला, ते सगळ्यांना दिसलं.