गसच्या दुकानातला रेकॉर्डर

दुकानातल्या कॅमेऱ्यांना नवा रेकॉर्डर आला तर डेल्बर्टचे चारशे डॉलर जाणार होते आणि लॉरेटाची नोकरी वाचणार होती. यातलं डेल्बर्टच्या जिवाला काय लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हार्डवेअरच्या दुकानामागच्या कोठीतून वर्षभरात पेट्रोलवर चालणाऱ्या तीन करवती आणि दोन ड्रिल मशिनं नाहीशी झाली होती. कोठीच्या किल्ल्या दोनच. एक मालकाच्या, म्हणजे डेल्बर्टच्या पट्ट्याला, दुसरी लॉरेटाच्या पर्समध्ये. अकरा वर्षं गल्ला सांभाळलेल्या बाईकडे बोट दाखवायला डेल्बर्टने अकरा मिनिटंही घेतली नव्हती.

"महिनाअखेर तुझा हिशेब पुरा," तो म्हणाला होता. "कॅमेऱ्यात सापडलीस तर त्याआधीच. मग शेरीफ आहे आणि तू आहेस."

"आणि नाही सापडले तर?"

"तर कॅमेरा कुठे बघतो ते तुला ठाऊक आहे, असं समजेन."

लॉरेटाने यावर फक्त नाक मुरडलं. कॅमेरा बघत होता खरा, पण त्याच्या लक्षात काही राहत नव्हतं. रेकॉर्डरचा जुना डबा दोन दिवसांचं चित्रण ठेवी आणि मग आपलंच आपण पुसून टाकी. जे ठेवी त्यातही माणूस आणि बटाट्याचं पोतं यात फरक करणं अवघड.

विमा कंपनीने आजवर दर चोरीची भरपाई मुकाट्याने दिली होती. शेवटच्या करवतीला मात्र तिने हात आखडला. महिनाभराचं चित्रण राखणारी यंत्रणा बसवा, आमचा माणूस येऊन बघेल, मगच पैसे. लॉरेटाला वाटलं, देव आहे. खरा चोर पडद्यावर दिसला की आपल्या नावाला लागलेलं काळं आपोआप धुतलं जाईल.

कॅमेरे बसवणारा पोरगेला माणूस येऊन सगळं बघून गेला. तारा चांगल्या आहेत, कॅमेरेही चालतील, नुसता डबा आणि आतली डिस्क बदला, चारशेत भागेल, असं म्हणाला. डेल्बर्टने त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही.

"चारशे! त्यापेक्षा मीच खुर्ची टाकून बसेन राखणीला."

"बस की," लॉरेटा म्हणाली. "तेवढंच काहीतरी काम केल्यासारखं होईल."

दोन दिवसांनी डेल्बर्टने तिला पिकअपमध्ये बसवलं. शेजारच्या गावातलं गसचं गहाणवटीचं दुकान बंद पडत होतं आणि फळ्यांपासून पंख्यांपर्यंत सगळं विकायला काढलं होतं.

"गसकडे बारा महिने उचल्यांचा राबता," डेल्बर्ट म्हणाला. "तिथे टिकलेला रेकॉर्डर आपल्याला पुरून उरेल. तू गाडीतच थांब. उचलायच्या वेळी हाक मारतो."

म्हणजे कंबर त्याची जपायची आणि मोडायची तिची. हाक आली तेव्हा लॉरेटा आत गेली. रेकॉर्डरवर चिठ्ठी होती साडेतीनशेची. नव्यापेक्षा जेमतेम पन्नास कमी, आणि वर धुळीचा थर फुकट. डेल्बर्ट नोटा मोजत होता.

गस भुवया उंचावून बघत होता. "आज घासाघीस नाही? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"उशीर होतोय मला," डेल्बर्ट म्हणाला.

जो माणूस पावकिलो खिळ्यांवरून पुरवठादाराला रडवतो, त्याने भंगाराला मागेल तो भाव द्यावा! म्हातारा झाला, लॉरेटाच्या मनात आलं. दमडी वाचवता वाचवता अक्कलही खर्ची पडली. परतीच्या वाटेवर तिने विचारलं, "आत्ताच बसवू का? दोन तारा तर जोडायच्या."

"हात लावू नकोस. घरी नेतो आज. नीट साफसूफ करतो, उद्या बसवू."

"तू साफ करणार? दुकानातला संडास गेल्या नाताळपासून तुझी वाट बघतोय."

डेल्बर्ट हसला नाही.

दुकानापुढे एक राखाडी मोटार उभी होती. विमा कंपनीच्या मिसेस साबो दारातच फाइल धरून उभ्या होत्या.

"आजच याच बाजूला होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उरकून टाकावं. अरे वा, आणलात की रेकॉर्डर!"

"अजून जोडला नाही. तुम्ही पुढच्या आठवड्यात या."

"पुढच्या आठवड्यात मी सुटीवर. मग महिनाभर जाईल. तोवर तुमचे पैसे थांबतील, मिस्टर क्रेन."

पैसे थांबतील म्हटल्यावर डेल्बर्टही थांबला. तेवढ्यात लॉरेटाने डबा गल्ल्यावर ठेवला, कॅमेऱ्याची तार खोचली, पडद्याची जोडली आणि बटण दाबलं. तिची नोकरी त्या डब्यात होती, ती कशाला थांबते?

"चालतोय बघा," ती म्हणाली.

"छान," मिसेस साबो म्हणाल्या. "आता किती दिवसांचं राहतं ते बघू. सगळ्यात जुनं चित्रण लावा."

"ते नको!" डेल्बर्ट पुढे सरसावला. "ते गसचं आहे. खासगी. पुसायचंय अजून."

"मला तारखेशी मतलब. कुणाचं का असेना."

"बाजूला हो लॉरेटा, बंद कर ते!"

"दमाने घे, डेल्बर्ट. तुझ्याच पैशांचं काम चाललंय."

पडद्यावर गसचा गल्ला उमटला. गल्ल्यावर कोरी करवत, खोक्यासकट. तिच्यापुढे टोपी मागे सारून, पाचही बोटं पसरून आणखी पाच डॉलर मागणारं एक गिऱ्हाईक. चित्र सुरेख होतं, दाढीचे खुंट मोजावेत इतकं. मिसेस साबोंनी पडद्याकडे पाहिलं, मग डेल्बर्टकडे, आणि पेनाचं टोपण काढलं. चोरीच्या मालाचे पैसे एकदा विमा कंपनीने दिले होते, एकदा गसने; पुराव्याचे तेवढे डेल्बर्टने पदरचे मोजले होते, रोख.